वेगवेगळ्या कंपन्यांचे ट्रॅक एकाच लेआउटवर जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे मॉडेल रेल्वेचा संसार सहसा एका दुकानातून येत नाही. पहिला सेट लंडनच्या आत्याने आणलेला हॉर्नबीचा असतो, दुसरा न्यू जर्सीच्या मामाने दिलेला बाकमनचा, आणि मग कुणाची तरी हौस फिटल्यावर स्वस्तात पदरात पडलेला पेकोचा गठ्ठा. सगळे एकत्र मांडायची वेळ आली की एक जोड बसत नाही, दुसरा बसतो पण त्यावर इंजिन उडते, आणि तिसऱ्याच्या पुढे गाडीला वीजच मिळत नाही. खालचे प्रश्न अशाच घरांतले आहेत. मुख्य भर एचओ आणि ओओ या मापांच्या ट्रॅकवर आहे, त्याहून लहान एन गेजसाठी पुढे वेगळा प्रश्न घेतला आहे.

दोन कंपन्यांचा ट्रॅक एकमेकांना जोडता येतो का?

बहुतेक वेळा येतो. खोक्यावरचे नाव बाजूला ठेवा आणि चार गोष्टी तपासा: दोन रुळांमधले अंतर, रुळाची उंची, ट्रॅकखाली प्लॅस्टिकची खडी आहे की नुसते स्लीपर, आणि वीज खेळवण्याची पद्धत. पहिली आणि चौथी गोष्ट जुळलीच पाहिजे, तिथे तडजोड नाही. दुसरी आणि तिसरी जुळत नसेल तर हाताने जुळवता येते, आणि या पानावरचा बराचसा मजकूर त्याबद्दलच आहे.

एचओ आणि ओओ वेगळे आहेत ना? मग हॉर्नबीचा ट्रॅक अमेरिकन ट्रॅकला कसा जुळेल?

वेगळे आहे ते प्रमाण. एचओ म्हणजे १:८७ आणि ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६. पण दोन्हींच्या रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटरच आहे, त्यामुळे ओओचे इंजिन एचओच्या ट्रॅकवर बिनतक्रार धावते. इंजिन शेजारच्या डब्यापेक्षा थोराड दिसते, तेवढाच फरक. त्याहून लहान मापांत टीटीचे अंतर १२ मिलिमीटर, एनचे ९ आणि झेडचे ६.५. यांपैकी एकाचा दुसऱ्याशी जोड होऊच शकत नाही.

जाता जाता: आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर. १:८७ ने भागले तर १९ मिलिमीटरांहून थोडे जास्त येते. म्हणजे डेक्कन क्वीनचे एचओ मॉडेल बाजारातल्या १६.५ च्या ट्रॅकवर चालवले, की गाडी तिच्या रुंदीच्या मानाने अरुंद वाटेवर उभी दिसते. मापाला अगदी खरे राहायचे असेल तर रूळ स्वतः घालावे लागतील. बाकीच्यांनी तिकडे काणाडोळा करावा आणि गाडी चालवावी.

कोड १००, कोड ८३, कोड ७५ म्हणजे काय?

रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० म्हणजे ०.१०० इंच, म्हणजेच २.५४ मिलिमीटर. कोड ८३ साधारण २.१ आणि कोड ७५ साधारण १.९ मिलिमीटर. आकडा लहान तितका रूळ बारीक आणि नजरेला खऱ्यासारखा.

हॉर्नबी, बाकमनचा ई-झेड, पेकोचा सेटट्रॅक आणि अॅटलासचा जुना स्नॅप-ट्रॅक हे सगळे कोड १००. पिकोचा ए-ट्रॅकही २.५ मिलिमीटरचा, म्हणजे याच पंगतीतला. अॅटलासचा ट्रू-ट्रॅक, काटोचा एचओ युनिट्रॅक, रोको लाइन आणि टिलिगचा एलिट हे कोड ८३ चे. ट्रिक्सचा सी-ट्रॅक २.३ मिलिमीटर, म्हणजे मधेच कुठेतरी. पेकोचा स्ट्रीमलाइन कोड १००, ८३ आणि ७५ अशा तिन्ही उंचींत मिळतो. त्यामुळे जुन्या गठ्ठ्यात ‘पेको आहे’ एवढ्यावर विसंबू नका, तुकडा मोजा. साधा व्हर्निअर कॅलिपर पुरतो. तो नसेल तर दोन तुकडे पालथे घालून काचेवर शेजारी ठेवा आणि रुळांच्या कडांवरून नख फिरवा. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही नखाला लगेच कळतो.

दोन्ही ट्रॅक कोड १०० चे आहेत, तरी जोड सैल का बसतो?

कारण कोड फक्त उंची सांगतो. रुळाच्या तळाची रुंदी आणि जाडी प्रत्येक कंपनीची थोडी निराळी असते, आणि जॉइनर, म्हणजे दोन रुळांची टोके जोडणारी पत्र्याची चिमटी, तळालाच धरतो. एकाचा जॉइनर दुसऱ्याच्या रुळावर कधी घट्ट होतो, कधी लटपटतो.

दोन तुकड्यांचे मूळ जॉइनर तसेच ठेवून एकमेकांत घुसवण्यापेक्षा जोडावरचे दोन्ही काढून टाका आणि नवे, सुटे मिळणारे कोड १०० चे जॉइनर घाला. नवा जॉइनर आधी रुंद तळाच्या रुळावर चढवा. दुसऱ्या बाजूला तो सैल वाटला तर बारीक पक्कडीने कडा किंचित दाबा. घट्ट असेल तर रुळाच्या तळाच्या कोपऱ्यांवर कानस फिरवून धार मारा, मग सरकतो. जोर लावून ढकललात तर जॉइनर रुळाच्या खाली जातो, वरून सगळे ठीक दिसते आणि दोन रूळ एकमेकांवर चढलेले असतात. गाडी नेमकी तिथे घसरते आणि आपण दोष डब्याच्या चाकांना देतो.

कोड १०० ला कोड ८३ किंवा ७५ कसा जोडायचा?

तीन मार्ग आहेत.

पहिला, तयार ट्रान्झिशन जॉइनर. एक बाजू मोठ्या रुळासाठी आणि दुसरी लहानासाठी, मधे पायरी. पेकोचे सहज मिळतात. दुसरा, एका टोकाला कोड १०० आणि दुसऱ्याला लहान रूळ असलेला तयार तुकडा. महाग असतो, पण एकदाच लागणार असेल आणि डागकामाची, म्हणजे सोल्डरिंगची, सवय नसेल तर तोच घ्या.

तिसरा घरी करायचा, आणि नीट केला तर तिघांत तोच सर्वांत पक्का. कोड १०० चा जॉइनर मोठ्या रुळावर अर्धा चढवा. बाहेर राहिलेला अर्धा भाग पक्कडीने पूर्ण चपटा करा. लहान रूळ त्या चपट्या पत्र्याच्या वर ठेवा आणि सोल्डरचा डाग द्या. पत्र्याच्या जाडीमुळे लहान रूळ आपोआप थोडा वर येतो. तरी उंची पुरत नसेल तर मधे पितळी पत्र्याची चकती घाला. एकूण भरून काढायचा फरक १०० आणि ८३ मध्ये ०.४३ मिलिमीटर, तर १०० आणि ७५ मध्ये ०.६४ मिलिमीटर.

डाग देण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांचे टोकाचे दोन-तीन स्लीपर कापून मागे सरकवा, नाहीतर प्लॅस्टिक वितळून रूळ जागचा हलतो. ओल्या कापसाचा बोळा स्लीपरच्या बाजूने रुळावर ठेवला तर उष्णता पुढे जात नाही. काम झाल्यावर रिकाम्या जागेत स्लीपर खालून सरकवून चिकटवा. त्यांची वरची खुंटी तासावी लागते, कारण तिथे आता जॉइनर असतो.

यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट अनेक जण विसरतात. रुळाचा माथा एका पातळीत आला म्हणजे काम झाले असे नाही. आतली कड, जिच्यावर चाकाची फ्लँज, म्हणजे रुळाच्या आत उतरणारी कड, घासते, तीही एका रेषेत हवी. बारीक रुळाचा माथाही अरुंद असतो. दोन्ही रुळांचे मध्य जुळवले तर आतल्या कडेला पायरी राहते. म्हणून मध्य सोडा, आतली कड जुळवा. बाहेरच्या बाजूला पायरी राहिली तर राहू दे. शेवटी माथ्यावर आणि आतल्या कडेवर बारीक कानस फिरवा, आणि कानशीच्या चरा उरल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने काढा.

एका ट्रॅकखाली प्लॅस्टिकची खडी आहे, दुसरा सपाट आहे. उंची कशी जुळवायची?

बाकमन ई-झेड, काटो युनिट्रॅक, अॅटलास ट्रू-ट्रॅक, रोको जिओलाइन, ट्रिक्सचा सी-ट्रॅक हे खडीच्या पायासकट येतात. हॉर्नबी, सेटट्रॅक, स्नॅप-ट्रॅक सपाट. सपाट ट्रॅक उचलून खडीवाल्याच्या बरोबरीला आणायचा, उलटे करायला जाऊ नका.

दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी ठेवा आणि स्लीपरच्या वरच्या पातळीऐवजी रुळाच्या माथ्यातला फरक मोजा, कारण रुळाची उंचीही वेगळी असू शकते. तेवढ्या जाडीची कॉर्क शीट सपाट ट्रॅकखाली घाला. कॉर्क साधारणतः २, ३ आणि ५ मिलिमीटरला मिळते, थर रचून हवी ती उंची साधते. थर्माकोल नको, तो दबतो, आणि महिन्याभरात जोडाजवळ खड्डा पडतो.

पुढे पूर्ण लेआउट कॉर्कवर घ्यायचा नसेल तर हळूहळू खाली उतरा. दर १ मिलिमीटर उंचीसाठी किमान ५ सेंटिमीटर लांबी द्या. जागा असेल तर १० सेंटिमीटर द्या, लांब गाडी मागे ओढताना फरक कळतो. उतार जोडाच्या लगेच पुढे सुरू करू नका. जोडानंतर निदान एका डब्याच्या लांबीइतका भाग सपाट राहू द्या, नाहीतर उतरंडीच्या तोंडाशी कपलिंग सुटतात.

आता मूळ जोड. खडीच्या पायाला प्लॅस्टिकचे खटके असतात आणि ते सपाट ट्रॅकच्या आड येतात. एक तुकडा बळी द्यावा लागतो: त्याच्या एका टोकाचे खटके धारदार कटरने सपाट कापा, रुळाखाली जॉइनरपुरती जागा मोकळी करा आणि साधा जॉइनर चढवा. काटोमध्ये जॉइनर प्लॅस्टिकच्या खोबणीत बसलेला असतो. तो युनिजॉइनर बाहेर ओढून काढता येतो आणि त्याच्या जागी साधा धातूचा जॉइनर बसतो. असा एक तुकडा नीट तयार करून त्यावर मार्करने खूण करून ठेवा. लेआउट मोडून पुन्हा मांडताना तो शोधायला लागू नये.

मार्क्लिनचा ट्रॅक बाकीच्यांना का जोडता येत नाही?

इथे प्रश्न विजेचा आहे. मार्क्लिनच्या एचओमध्ये दोन्ही रूळ मिळून विजेचे एकच टोक असते. दुसरे टोक स्लीपरच्या मधोमध असलेल्या बारीक खुंट्यांतून येते आणि इंजिनाखालची लांब पट्टी त्या खुंट्यांवरून घासत जाते. बाकी जवळजवळ सगळ्या कंपन्यांत डावा रूळ एक टोक आणि उजवा दुसरे.

परिणाम असे. मार्क्लिनचे इंजिन दोन रुळांच्या ट्रॅकवर ठेवले की त्याची चाके डावा-उजवा रूळ थेट जोडतात आणि शॉर्ट होतो. दोन रुळांचे इंजिन मार्क्लिनच्या ट्रॅकवर ठेवले तर ते हलतच नाही, कारण दोन्ही रूळ एकाच टोकाचे. कुठलाही जॉइनर यावर उपाय नाही.

मार्क्लिनच्या आतल्या आत मात्र सोय आहे. पत्र्याचा जुना एम-ट्रॅक, मग के-ट्रॅक, आणि १९९६ मध्ये आलेला खडीवाला सी-ट्रॅक. सी ते एम आणि सी ते के असे जोडतुकडे कंपनीच करते. ट्रिक्स हा मार्क्लिनच्याच घरचा दोन रुळांचा ब्रँड, आणि त्याचा सी-ट्रॅक दिसायला मार्क्लिनच्या सी-ट्रॅकसारखाच. खटकेही बसतात. जुन्या पेटीत दोन्ही मिसळलेले सापडले तर मधल्या खुंट्या पाहून आधी वेगळे करा.

जर्मनीहून आलेला मार्क्लिनचा सेट घरात असेल तर माझे मत स्पष्ट आहे: त्याचा वेगळा गोल मांडा. दुसऱ्या मजल्यावर, मागच्या रांगेत, जिथे हवा तिथे. एकत्र करण्याच्या नादात दोन्हीकडचे काम बिघडते.

सगळे जोड बसले, पण गोल पूर्ण होत नाही. शेवटी एक-दोन सेंटिमीटरची फट उरते.

आता अडचण भूमितीची आहे. प्रत्येक घराण्याच्या वळणाची त्रिज्या आणि सरळ तुकड्याची लांबी ठरलेली असते.

ब्रिटिश घराणे, म्हणजे हॉर्नबी, पेको सेटट्रॅक आणि बाकमनचा ब्रिटनमधला ट्रॅक: त्रिज्या ३७१, ४३८, ५०५ आणि ५७२ मिलिमीटर. सरळ तुकडा १६८ किंवा ३३५. समांतर दोन मार्गांत ६७ मिलिमीटर. हे तिघे एकमेकांत बेधडक मिसळा, मापे जुळतात.

अमेरिकन घराणे, म्हणजे अॅटलास आणि बाकमन ई-झेड: १८ इंच (४५७ मिलिमीटर) आणि २२ इंच (५५९ मिलिमीटर) त्रिज्या, सरळ तुकडा ९ इंच, म्हणजे २२९ मिलिमीटर.

काटोचे एचओ वेगळेच: ५५०, ६१०, ६७० असे साठ-साठने वाढत जाणारे, सरळ तुकडा २४६.

म्हणजे एका टोकाचे अर्धवर्तुळ हॉर्नबीच्या ४३८ चे आणि दुसऱ्या टोकाचे बाकमनच्या ४५७ चे केले, तर दोन्ही व्यासांत ३८ मिलिमीटरचा फरक पडतो. समोरासमोरचे दोन सरळ मार्ग एकमेकांना समांतर राहत नाहीत. बरेच जण ट्रॅक हाताने ओढून फट मिटवतात. त्या क्षणी गाडी धावते. आठवड्याभराने ताणलेला जोड उघडतो, कधी चिकटवलेला ट्रॅकच कमानीसारखा उचलला जातो.

नियम साधा ठेवा: एक अर्धवर्तुळ पूर्ण एकाच घराण्याचे, आणि दोन्ही टोकांना शक्यतो तीच त्रिज्या. मिसळायचे ते सरळ भागात. उरलेली फट भरायला फ्लेक्सी ट्रॅक घ्या. तो साधारण गजभर लांबीला मिळतो, हवा तसा वाकतो, हवा तिथे कापता येतो. पेकोचा कोड १०० चा फ्लेक्सी ट्रॅक या मिश्र लेआउटांचा खरा तारणहार आहे, आणि तो घ्यायचा तर दोन-तीन तुकडे जास्त घ्या.

पॉइंट वेगवेगळ्या कंपन्यांचे चालतील का?

पॉइंट म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारा तुकडा. सुटा पॉइंट, म्हणजे सायडिंगला जाणारा, कुठल्याही कंपनीचा चालतो, कोड जुळला की झाले. पण एका मार्गावरून शेजारच्या मार्गावर नेणारा क्रॉसओव्हर दोन पॉइंटांचा असतो आणि ते दोन्ही एकाच घराण्याचे हवेत. सेटट्रॅकचा पॉइंट २२.५ अंशांनी फुटतो आणि ६७ मिलिमीटरच्या अंतरासाठी आहे. पेको स्ट्रीमलाइनचा १२ अंशांचा, अंतर सुमारे ५१ मिलिमीटर. एक इकडचा आणि एक तिकडचा घेतला की मधला तुकडा वाकडा घालावा लागतो, आणि त्या इंग्रजी एस आकाराच्या वळणात लांब डबे एकमेकांना रुळावरून ढकलतात.

दुसरी गोष्ट फ्रॉगची, म्हणजे जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकाची. हॉर्नबीच्या साध्या पॉइंटात आणि पेकोच्या इन्सुलफ्रॉगमध्ये तो प्लॅस्टिकचा असतो. तिथे वीज नाही, त्यामुळे छोटे शंटिंग इंजिन अडखळते, पण वायरिंगची कटकटही नाही. पेकोच्या इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये तो धातूचा असतो आणि पॉइंट ज्या बाजूला वळवाल तसे त्याचे विजेचे टोक बदलते. अशा पॉइंटाच्या फ्रॉगकडून पुढे निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांवर इन्सुलेटेड, म्हणजे प्लॅस्टिकचे जॉइनर घालावे लागतात. आधी हॉर्नबीचा पॉइंट होता, त्या जागी कुणीतरी दिलेला इलेक्ट्रोफ्रॉग बसवला आणि पॉइंट फिरवताच सगळा लेआउट बंद पडला, ही तक्रार सर्वांत जास्त येते. पॉइंटात दोष नसतो, प्लॅस्टिकचे दोन जॉइनर राहिलेले असतात. पेकोच्या नव्या युनिफ्रॉगमध्ये फ्रॉग मुळातच वेगळा काढलेला असतो, तिथे ही अडचण येत नाही.

जोडाच्या पलीकडे इंजिन मंदावते. ट्रान्सफॉर्मर मोठा घ्यायचा का?

नाही. वीज जोडात अडते आहे. जॉइनर म्हणजे पत्र्याची नुसती चिमटी, आणि दोन वेगळ्या मापांच्या रुळांवर ती कमी जागी टेकते. प्रत्येक मिश्र जोडाच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या फीडर वायर घाला. रुळाच्या बाहेरच्या कडेला बारीक डाग द्यायचा, वायर फळीला छिद्र पाडून खाली न्यायची आणि खालून जाणाऱ्या दोन जाड मुख्य वायरींना जोडायची. भिंतीकडचा रूळ लाल आणि आपल्याकडचा काळा, असे एकदा ठरवले की पूर्ण गोलात तेच पाळा. एका जागी रंग उलटला तरी शॉर्ट.

डीसीसी, म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळा आदेश देणारी डिजिटल पद्धत, वापरत असाल तर हे ऐच्छिक राहत नाही. ट्रॅकवर जागोजागी पाच रुपयांचे नाणे आडवे ठेवा. बूस्टरने, म्हणजे ट्रॅकला वीज पुरवणाऱ्या पेटीने, तत्काळ वीज तोडली पाहिजे. एखाद्या भागात नाणे ठेवूनही वीज चालू राहिली तर तिथवर पुरेसा प्रवाह पोचत नाही असे समजा, आणि तिथे फीडर वाढवा. नाहीतर गाडी घसरली की तिथलेच चाक आणि तिथल्याच इंजिनातला आदेश वाचणारा डिकोडर तापून जातो.

जुना ट्रॅक गंजलेला आहे. नव्याला जोडू का?

आधी चुंबक लावून पाहा. चिकटला तर रूळ पोलादी. बाकमनच्या काळ्या खडीचा ई-झेड पोलादी असतो, करड्या खडीचा निकेल सिल्व्हरचा. निकेल सिल्व्हर हे तांबे, निकेल आणि जस्ताचे मिश्रण, आणि त्यावर चुंबक चिकटत नाही. रूळ पिवळट असेल तर तो पितळी.

मुंबई-कोकणात पोलादी ट्रॅक एका पावसाळ्यात तांबूस होतो. घाट ओलांडल्यावर थोडी सवलत मिळते, एवढेच. निकेल सिल्व्हरशेजारी पोलादी रूळ आला आणि दमट हवा असली, की जोडाशी पोलादाकडचे टोक आधी खराब होते. म्हणून पोलादी तुकडे मुख्य मार्गात घालू नयेत असे माझे म्हणणे आहे. यार्डातल्या शेवटच्या सायडिंगला लावा, जिथे डबे नुसते उभे राहतात. पितळी ट्रॅक चालतो, पण त्यावर चढणारा थर वीज अडवतो, त्यामुळे पुसण्याची सवय लागते. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडके. वाळूचा कागद कधीच नको, त्याच्या चरांत पुढच्या वेळी दुप्पट घाण साठते.

नव्या डब्यांना काही होत नाही, पण जुने डबे बारीक रुळावर टक-टक करत जातात. का?

त्यांची फ्लँज खोल असते. जुन्या लिमाच्या किंवा ट्राय-अँगच्या डब्यांची चाके कोड १०० साठी ठीक होती. कोड ७५ वर फ्लँज खाली रूळ धरणाऱ्या खुंट्यांवर आपटते. अमेरिकेतल्या एनएमआरए या १९३५ पासूनच्या संस्थेने चाकाच्या आकाराची आरपी-२५ ही शिफारस केली, तीतली फ्लँज ०.६४ मिलिमीटर खोल आहे. आजचे बहुतेक डबे त्याच्या आसपास असतात. जुन्या डब्यांना आरपी-२५ ची सुटी धातूची चाके घाला, नाहीतर त्यांचा मार्ग कोड १०० पुरता ठेवा. रूळ बदलण्यापेक्षा चाके बदलणे कितीतरी स्वस्त.

एन गेजमध्ये काटो, टोमिक्स आणि पेको एकत्र चालतील का?

काटो आणि टोमिक्स दोन्ही कोड ८० आणि दोन्ही खडीवाले, पण खटके निराळे. काटोचा ६२ मिलिमीटरचा जोडतुकडा मिळतो. त्याच्या एका टोकाला युनिजॉइनर आणि दुसऱ्या टोकाला साधा जॉइनर असतो. टोमिक्स, पेको, अॅटलास, कुणालाही तो चालतो. भूमिती मात्र मिसळू नका: काटोमध्ये समांतर मार्गांत ३३ मिलिमीटर, टोमिक्समध्ये ३७.

पेकोच्या एनमधल्या कोड ५५ ची एक गंमत आहे. त्या रुळाला दोन तळ असतात आणि खालचा भाग स्लीपरच्या आत बुडालेला असतो. दिसतो बारीक, प्रत्यक्षात कोड ८० च्या जॉइनरवर बसतो. त्यामुळे एनमध्ये हा जोड एचओपेक्षा कितीतरी सोपा.

नेरळ-माथेरान करायची इच्छा असलेल्यांनाही एनचा ट्रॅक उपयोगी पडतो. दोन फुटी मार्ग १:८७ मध्ये सात मिलिमीटरचा होतो, पण जगभर हे काम ९ मिलिमीटरच्या ट्रॅकवर भागवतात. पेकोचा ओओ-९ ट्रॅक त्यासाठीच आहे. त्याचे स्लीपर मुद्दाम वेडेवाकडे असतात, रूळ कोड ८० चा, आणि फळीच्या मागच्या न दिसणाऱ्या भागात त्याला साधा एनचा ट्रॅक जोडून पैसे वाचवता येतात.

मिश्र जोड नेमका कुठे ठेवावा?

सरळ भागात, हात पोचेल अशा जागी. वळणात नको, पॉइंटच्या तोंडाशी नको, दोन फळ्यांच्या सांध्यावर नको, आणि बोगद्यात तर मुळीच नको. एकूण जोड कमीत कमी राहतील असे मांडा. हॉर्नबी, बाकमन, हॉर्नबी, पेको अशी खिचडी करू नका. मुख्य गोल एका घराण्याचा, यार्ड दुसऱ्याचे, आणि दोघांमध्ये दोनच जोड. पाहुणे आले की कुणाचे लक्षही जात नाही.

सगळे विकून एकाच कंपनीचे घ्यावे का?

रोज जमिनीवर मांडून रात्री आवरायचे असेल तर हो. खडीवाला एकच ब्रँड घ्या, बाकीचे कुणाला तरी द्या. खटके टिकतात, मुले स्वतः मांडतात. कायमची फळी करणार असाल तर विकायची घाई नको. पॉइंट आणि फ्लेक्सी ट्रॅक एका कंपनीचे नवे घ्या, जुने तुकडे यार्डात आणि दडलेल्या भागात खपवा. निर्णयापूर्वी पुण्याला कोथरूडमध्ये १९९८ पासून सुरू असलेले जोशींचे मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय पाहून या. कायमच्या मांडणीत काय काय करता येते हे प्रत्यक्ष दिसले की आपल्याला फळी हवी की सतरंजीवरचा गोल, ते आपोआप ठरते.

जोड नीट झाला हे कसे तपासायचे?

डोळे मिटून बोट फिरवा, आधी माथ्यावर आणि मग आतल्या कडेवर. काही लागले तर कानस. मग सर्वांत लांब डबा एकटाच हाताने ढकला, दोन्ही दिशांनी. त्यानंतर इंजिन मागे लावून पूर्ण गाडी उलटी ढकलत न्या, अगदी सावकाश. पुढे ओढताना जी चूक लपते ती ढकलताना उघडी पडते. शेवटी दिवे मालवून इंजिन चालवा. चाकाखाली ठिणगी दिसली तर तिथे एक तर घाण आहे किंवा जोड वीज सोडतो आहे. हे सगळे खिळे आणि गोंद लावण्याआधी करायचे. तोवर ट्रॅक टाचण्यांवर राहू द्या, आणि गोंद लावाल तेव्हा जोडाखालची चार बोटे जागा कोरडी सोडा, पुढे डाग पुन्हा द्यावा लागला तर तुकडा उचलता आला पाहिजे.